रुमालाखालचा हात

तुळशीरामजींची आणि माझी पहिली ओळख अमरावतीच्या कापसाच्या बाजारात झाली, आणि ती भांडणात झाली. मुंबईचे कॉलेज मध्येच सोडून मी नुकताच घरी आलो होतो. का सोडले ते सांगत बसत नाही. गुरुजनांशी पटले नाही एवढे पुरे. वडील माझ्याशी बोलत नव्हते आणि मला साऱ्या जगाशी भांडायचे होते. आमचा कापूस तोलताना तोलाऱ्याने पारड्याला हळूच गुडघा लावलेला मला दिसला, आणि मी त्याची मान धरली. माणसे धावली. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या हाताने माझे मनगट धरले. ओढले नाही, नुसते धरून ठेवले.

"काहून ओरडून राहिला बाप्पा? त्याचा गुडघा सारा बाजार पाहून राहिला. तू मान सोड, म्हणजे तो गुडघा काढन."

तोलाऱ्याने गुडघा काढला. लोक हसले, तोलारीही हसला. हसलो नाही तो मी एकटा. पण त्या दिवसापासून ज्यांना सारा बाजार आबाजी म्हणतो त्या तुळशीरामजींच्या मागे मी जो लागलो, तो आजतागायत सुटलो नाही.

यंदा आबाजींना साठावे वर्ष पूर्ण होत आहे, आणि त्यानिमित्त हे छोटे पुस्तक निघत आहे. त्यांची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आबाजी जातीचे माळी. शहराच्या परकोटाबाहेर त्यांचा मळा आहे. तरुणपणी ते डोक्यावर झेंडूची टोपली घेऊन देवळांना फुले पुरवीत. एकदा दोन सावकारांचा सौदा तुटायला आला असता दोघांनीही म्हटले, या माळ्याला मध्ये घ्या, याला आपल्यापैकी कोणाकडून काही नको आहे. तेथून ते दलाल झाले. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या, दोन्ही बाजारांत त्यांचा शब्द चालतो. पहाटे मळ्यात पाणी धरायचे आणि ऊन चढले की बाजारात यायचे, हा क्रम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. हातांना मातीचा वास, आणि खांद्यावर तो रुमाल.

या रुमालाविषयी सांगितलेच पाहिजे. आमच्याकडे कापसाचा भाव तोंडाने ठरत नाही. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली दोन हात जातात, बोटे दाबून भाव सांगितला जातो, बोटांनीच तो नाकारला जातो. चार लोक भोवती उभे असतात, त्यांना काही कळत नाही. म्हणजे आमच्या बाजारात घासाघीस करायची तर हाताला हात लागला पाहिजे. आणि ज्याच्या हाताला हात लावायचा नाही, त्याला घासाघीसही नाही. महाराने स्वतःच्या रानातला कापूस आणला तर तो गाडीपाशी लांब उभा राहायचा, घेणारा लांबूनच भाव फेकायचा, आणि महाराने तो उचलायचा. हे इतके रोजचे होते की यात काही आहे असे कोणाला वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते, आणि मी तर मुंबईहून माणसाच्या हक्कांवरची व्याख्याने ऐकून आलेला.

अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली आणि तिकडचा कापूस थांबून आमचा महागला, हे आता वऱ्हाडातल्या लहान पोराला ठाऊक आहे. बैलांच्या शिंगांना चांदी चढली ती त्याच लढाईने. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या माणसांकडे इंग्रजी वर्तमानपत्रे यायची. ती मी मागून आणायचो आणि दुपारी बाजार थंडावला की निंबाखाली आबाजींना मराठीत सांगायचो. बाकीचे लढाई किती दिवस चालणार एवढेच विचारीत. आबाजी माणसांविषयी विचारीत. गुलामीत जन्मलेला, चोरून अक्षर शिकलेला, पळून गेलेला आणि आता सभांतून गोऱ्या लोकांना त्यांचाच कायदा वाचून दाखवणारा तो तिकडचा काळा वक्ता त्यांना फार आवडे. स्वतः सुटल्यावर पुन्हा पुन्हा परत जाऊन रानावनांतून आपल्या लोकांना काढून आणणाऱ्या त्या बाईची हकिकत तर त्यांनी मला घरी कन्या सगुणाबाईंनाही ऐकवायला लावली. सगुणाबाई दाराआड बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, की त्या बाईला भीती वाटत नसेल का. मी नुसती वर्तमानपत्राची घडी घालीत राहिलो. त्यांच्यासमोर मला सहसा सुचत नाही.

एकदा मी माणसांच्या लिलावाची हकिकत सांगितली. आईला एकीकडे विकत, लेकराला दुसरीकडे. ऐकणारे हळहळले. आबाजींनी विचारले, "दलाल कोन होता?"

मला प्रश्न कळला नाही.

"विकनारा हाय, घेनारा हाय. म्हणजे मधात कोनीतरी माह्यावानी असनच ना. तो सांजच्याले घरी जाऊन जेवत होता का, थे नाही लिवलं का त्यात?"

वर्तमानपत्रात ते नव्हते. पण त्या दिवसानंतर आबाजींचे बाजाराकडे पाहणे बदलले. सौदा चालू असताना त्यांची नजर रुमालावरून उठून लांब उभ्या असलेल्या गाड्यांकडे जाई.

पुढे लढाई संपली आणि भाव कोसळला. त्याच सुमारास बातमी आली की ज्या अध्यक्षांनी गुलामांना मोकळे केले, त्यांना नाटक पाहताना मागून गोळी घालून मारले. ती बातमी निंबाखाली मीच वाचली. दुःख कोणाला झाले नाही. एक व्यापारी म्हणाले, काळ्या लोकांच्या बेड्या काढल्या आणि आम्हाला बुडवले, बरे झाले मेला ते. आणि हे म्हणताना त्यांनी मान वळवून जिकडे महारांच्या गाड्या होत्या तिकडे पाहिले. बाकीच्यांनीही पाहिले. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

यंदाच्या मोसमात मोर्शीच्या वाटेवरील एका खेड्यातले सटवाजी महार कापूस घेऊन आले. कापूस चांगला होता. लांबून फेकलेला भाव मातीमोल होता. आबाजी निंबाखालून उठले, रुमाल घेऊन सटवाजींच्या गाडीपाशी गेले, तो पसरला आणि त्याखाली आपला हात धरला.

सटवाजी मागे सरले. आबाजी म्हणाले, हात दे. सारा बाजार थांबला होता. तेव्हा सटवाजी अगदी हळू जे बोलले ते मी जवळ असल्यामुळे ऐकले.

"आबाजी, तुमी इथून घरी जासान. मले एकट्याले रस्त्यानं जा लागते."

आबाजींनी रुमाल हातावरून काढला नाही. माझ्यासारख्याने व्याख्यान दिले असते. आबाजी म्हणाले, "मंग मीबी येतो गाडीत. तुह्या दारापर्यंत."

सटवाजींनी अंगरख्याला हात पुसला आणि रुमालाखाली घातला. भाव ठरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण सटवाजींना बोटांची भाषा येत नव्हती आणि आबाजी ती शिकवीत होते. मग आबाजींनी तोच भाव घेणाऱ्याच्या हातात दाबला. महाराला लागलेला तो हात धरावा की न धरावा, अशी त्याची चलबिचल झाली, पण कापूस त्याला हवा होता. धरला.

गाडीत आबाजी सटवाजींच्या शेजारी बसले. मी काठी घेऊन मागे बसलो. खरे सांगायचे तर मी आलो तो सगुणाबाईंच्या सांगण्यावरून. बातमी घरी पोचली होती आणि त्या वाटेवर येऊन उभ्या होत्या. "बाबा कोनाचं आयकत नाहीत. तुमी तरी संग जात जा," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी संग जातो.

सटवाजींच्या गावाबाहेर बाभळींपाशी चार माणसे काठ्या घेऊन उभी होती. दिवस अजून वर होता. सटवाजींनी बैल थांबवले. मी काठी उचलली तशी आबाजींनी मागे न पाहता म्हटले, खाली ठेव. मग ते त्या चौघांशी बोलू लागले. नावानिशी. एकाला विचारले, आईच्या डोळ्याचे काय झाले. दुसऱ्याला म्हणाले, लेकीच्या लग्नाला झेंडू माझ्या मळ्यातून ने, बाजारातून घेऊ नको. ते खाली पाहू लागले. तिसरा मात्र खाली पाहीना. तो म्हणाला, "अमेरिकेत काय झालं थे आयकलं ना आबाजी? सोडवनाऱ्याले गोळी घातली."

"आयकलं. पन जे सुटले थे सुटलेच ना?"

गाडी पुढे गेली. कोणी अडवले नाही. परंतु तो तिसरा माणूस हसत होता, आणि आजही बाजारात मला दिसला की तो तसाच हसतो. बाभळी टाळून खालच्या वाटेने पायी परत येताना विसाव्याला बसलो, तेव्हा आबाजींचा गुडघा थरथरत असलेला मी पाहिला. माझ्या लक्षात आले हे त्यांनी ओळखले आणि गुडघ्यावर तो रुमाल टाकला.

आबाजी भीत नाहीत असे लिहिण्याची गौरवलेखांत पद्धत आहे. मी ते लिहिणार नाही, कारण ते खोटे आहे. ते भितात, आणि दर बाजाराला जातात. आता सटवाजींच्या मागोमाग आणखी गाड्या त्यांच्याकडे वळतात. परवा मळ्याच्या मोटेचा दोर कोणीतरी कापून ठेवला. दाराशी मेलेले कुत्रे टाकले. या छोट्या पुस्तकासाठी ज्यांनी हौसेने लेख देतो म्हटले होते, त्यांतल्या काहींनी आजारी असल्याचे निरोप पाठवले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. मलाही हे लिहिताना दाराकडे पाहावे लागते.

येत्या पौर्णिमेला जातीचे पंच बसणार आहेत. पातूरहून, अकोल्याहून माणसे येतील. त्यांनी आधीच निरोप धाडला, की तुळशीराम म्हातारा माणूस, चार लोकांत एवढेच सांगावे की गर्दीत चुकून हात लागला. थोडे प्रायश्चित्त घ्यावे आणि विषय मिटवावा. नाही तर वाळीत. निरोप आणणाऱ्याला आबाजींनी गूळपाणी दिले आणि म्हणाले, "चाळीस वर्सं दलाली केली. रुमालाखाली चुकून हात जात नसते, हे पंचाइले ठाऊक असन."

त्याच दिवशी त्यांनी मला मळ्यात बोलावले. सगुणाबाई लहानपणीच विधवा झालेल्या. आम्हा माळ्यांत विधवेचा पाट लागतो, आणि मी त्यांच्यासाठी मागणी घातलेली आहे, हे आता लपवण्यासारखे राहिलेले नाही. आबाजी म्हणाले की पंच बसू दे, वाळीत पडलो तर तुझ्यावर बंधन नको, तुझ्या वडिलांना तोंड दाखवायचे आहे. मी नेहमीप्रमाणे ओरडलो. त्यांनी नेहमीप्रमाणे ओरडू दिले. म्हणून आता न ओरडता, पंचांनी वाचावे म्हणून, शिळाछापावर उतरेल अशा स्वच्छ अक्षरांत लिहितो: पौर्णिमेला पंच काहीही ठरवोत, माझी मागणी कायम आहे. आणि पौर्णिमेनंतरच्या बाजाराला मी आबाजींबरोबर गाडीत असेन.

अशा लेखांच्या शेवटी शंभर वर्षे जगा असे म्हणायचे असते. आजवर मी ते कितीदा म्हटले असेल, पण त्याचा अर्थ मला आत्ता कळतो आहे. आबाजींनी येत्या बाजारी बाभळींच्या पुढे सुखरूप जावे. सुखरूप परत यावे. पहाटे मळ्यात पाणी धरावे. त्यांच्या गुडघ्याला विसावा मिळावा, आणि हाताला मिळू नये. असे एकेका बाजाराने मोजत मोजत त्यांची शंभर वर्षे भरावीत, एवढेच त्या ईश्वराजवळ मागतो. सगुणाबाईही तेच मागत आहेत. त्यांनी हा लेख दाराआडून ऐकला आहे.