बिगुलवाल्याचा सिनेमा, मी सांगितला तसा

हे मंदाताईले माहीत नाई. घरी बायकोले नाई. रोज सकाळी ज्याच्यासोबत बसस्टँडवर चहा पितो, त्या मारोतीलेही नाई. सहा वर्षं झाली, एका गोष्टीवर मी बसून आहो, कोंबडी अंड्यावर बसते तसा. आज तुले सांगून राह्यलो. काऊन आजच, ते विचारू नको गड्या. मलेच धड माहीत नाई.

पहिले सिनेमाचं सांगू दे. तसंही मी कुठूनही सुरुवात केली तरी त्या सिनेमावरच येतो.

मंदाताई म्हणजे आमच्या वाचनालयाची ग्रंथपाल. अहेरीच्या अलीकडं, जंगलाच्या कडेले आमचं गाव. दोन खोल्यांचं वाचनालय, त्यात अर्धी पुस्तकं वाळवीनं वाचलेली, पण ही बाई तिथी अशी बसायची का जसं चंद्रपूरचं मोठं ऑफिस सांभाळून राह्यली. तिले कुठल्याशा शिबिरात एक सिनेमा मिळाला, पेनड्राइव्हवर. जुना, काळा-पांढरा, परदेशातला. बोलणं परक्या भाषेत, खाली इंग्रजी ओळी. मी शाळेत कारकून होतो, मले थोडं इंग्रजी येते. म्हणून तिनं मले बोलावलं, 'भाऊ, हे पाहा एकदा.' एकदा पाह्यलं, मग पुन्हा पाह्यलं, मग मीच म्हटलं, ताई, अजून एकदा लावा.

डोंगरातलं एक गाव. दुष्काळ. एक धनवान व्यापारी, मोठा भाविक, तो चर्चसमोर भुकेल्यायले पाव वाटाले लागते. पण त्याले एक शंका येते — देव म्हातारा झाला असन, आपलं दान त्याले दिसलंच नाई तं? म्हणून सर्कशीतून निघालेला एक बिगुलवाला तो नोकरीवर ठेवते. एक पाव, एक बिगुल. देवानं खाली पाहावं म्हणून!

काय सिनेमा आहे, बाप्पा! व्यापारी पाव देण्याआधी दाढीवरून कंगवा फिरवते. बिगुल लांबत जाते, रांग थांबत जाते, पाव वाळत जाते. मग दुसरा बिगुलवाला येते, मग ढोलवाला, अन् जितके वाजवणारे वाढतात तितका पाव लहान होते. एका चित्रात एका बाजूले बिगुलवाल्याचे फुगलेले गाल अन् दुसऱ्या बाजूले रांगेतल्या माणसाचे बसलेले गाल — कोणी काही बोलत नाई, अन् सारं बोलून होते. मी झाडीपट्टीच्या नाटकात बारा हंगाम काम केलं. राजा झालो, बाप झालो, तीनदा फौजदार झालो. टाळी कुठून काढाची हे मले कळते. त्या सिनेमात टाळीची एक जागा नाई, तरी माणूस खुर्चीतून हलत नाई. अन् कोणावर राग नाई गड्या त्यात. तो व्यापारी ढोंगी नाई. तो खरोखर रडते. हेच तं भारी आहे. हसता हसता आपल्यालेच कुठी तरी टोचते, अन् कुठी ते लवकर सापडत नाई.

मले कुठी टोचलं ते मात्र लगेच सापडलं होतं. ते आता सांगतो.

आमच्या गावच्या देवस्थानात दर शनिवारी अन्नदान होते. नाव ठेवाले जागा नाई — भात मोकळा, वरण दाट, वांग्याची भाजी चवीची. अध्यक्ष दादासाहेब स्वतः वाकून वाढतात. तेही माणूस म्हणून खोटे नाईत, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त एक रीत त्यायनं घातली होती. ताट घेण्याआधी जेवणाऱ्यानं माईकवर आपलं नाव सांगाचं, गाव सांगाचं, अन् 'देवाच्या कृपेनं मले अन्न मिळालं' असं म्हणाचं. भोंगा देवळावर, आवाज पार नदीपर्यंत. अन् तो माईक कोणाच्या हातात? माझ्या. नाटकातला आवाज ना! रिटायर झाल्यावर दादासाहेबायनं बोलावलं अन् मी उड्या मारत गेलो. एखाद्याचा आवाज कमी पडला तं मी म्हणाचो, 'जोरानं बोला, देवाले ऐकू जाऊ द्या.' हे वाक्य मले कोणी शिकवलं नाई. मीच काढलं होतं.

तुले वाटत असन, सिनेमा तीनदा पाहून याले समजलं कसं नाई? समजलं. पहिल्याच वेळी समजलं. मंदाताईसमोर मान हलवली, वा वा केलं, अन् शनिवारी जाऊन माईक हातात घेतला. अशा दोन गोष्टी माणूस एकाच खिशात ठेवू शकते.

आता सगुणाबाई. पळसाच्या पानाच्या पत्रावळी लावणारी. चाळीस वर्षं आमच्या भागातली लग्नं तिच्या पानावर जेवली. मग थर्माकोल आलं, बोटं वाकडी झाली, नवरा गेला. घरी चूल पेटे ना. एका शनिवारी ती रांगेत आली. मी माईक समोर धरला. तिनं माईककडं पाह्यलं, मग माझ्याकडं, अन् म्हणे, 'मी जेवते हे साऱ्या गावाले काऊन सांगाचं?' ताट न घेता गेली. पुन्हा आली नाई. मंदाताई आपल्या डब्यातलं तिले द्यायची, तेही ती एक दिवसाआड घ्यायची. रोज घेतलं तं सवय लागते म्हणे. अंगावरचं लुगडं दिवसेंदिवस सैल होत चाललं होतं, हे मीही पाहत होतो.

मंदाताईनं भांडण केलं नाई, अर्ज देला नाई. तिनं ठरवलं, गावाले हा सिनेमा दाखवाचा. लोकं हसतील, हसले का समजतील, दादासाहेबही हसतील, अन् ती माईकची रीत आपोआप बंद होईन. मग सगुणाबाई येऊन जेवन. इतकं साधं! माणसायवर असा विश्वास ठेवणारं माणूस मी दुसरं पाह्यलं नाई. फक्त इंग्रजी ओळी कोण सांगणार? तं ठरलं, मी माईकवर सांगाचं, आपल्या बोलीत, चित्र पुढं जाईन तसं.

बाजाराचा दिवस, दुपारची वेळ. समाजमंदिराच्या खिडक्यायले ताडपत्र्या बांधल्या. अन् त्याच सकाळी मंदाताईच्या पोरीले चंद्रपूरले दवाखान्यात न्यावं लागलं, बाळंतपणासाठी. बसमध्ये चढताना म्हणाली, 'भाऊ, तुम्ही आहा ना. मग मले घोर नाई.'

हॉल खच्चून भरला. दादासाहेब पहिल्या रांगेत. सगुणाबाई खांबाजवळ — मंदाताईनंच तिले सांगतलं होतं, तुझ्यासारखी एक बाई आहे त्यात, ये.

पहिली पंधरा मिनिटं मी इमानदारीनं सांगतलं. अन् लोकं हसले गड्या! दाढीच्या कंगव्यावर हसले. देव म्हातारा झाला असन, यावर तं एक बुढा इतका हसला का खोकला लागला त्याले. दादासाहेब हसले — रुमाल तोंडाले लावून, पण हसले. मंदाताईचं गणित बरोबर होतं. सारं बरोबर चाललं होतं.

मग पडद्यावर बिगुलवाला आला. गाल फुगलेले, डोळे बाहेर, मान वर. अन् बायकायच्या बाजूनं कोणी तरी बोललं, 'अवं, हा तं आपला माईकवाला!'

सारा हॉल माझ्याकडं वळला अन् हसला. वाईट हसू नव्हतं ते. घरचं हसू होतं, जावयाची थट्टा करावी तसं. पण बारा हंगाम मी लोकायले हसवलं होतं, माझ्यावर कोणी हसलं नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बस, एवढंच झालं. कोणी धमकावलं नाई. कोणी डोळे वटारले नाई. तू म्हणशीन, दादासाहेबाचा धाक असन — तेही तं हसूनच राह्यले होते!

अन् मी सिनेमा बदलला.

हे घे. सांगतलं.

पडद्यावरचं चित्र तेच होतं, मी बोलणं बदललं. आवाज खाली आणला, नाटकात बाप मरते तवा आणतो तसा. म्हटलं, मायबाप हो, हसू नका, हा देवाचा सेवक आहे, याची छाती फुटाले आली तरी भुकेल्याचं नाव हा देवापर्यंत पोचवून राह्यला. हॉल चूप. मग काय, मले रस्ताच सापडला. पाव लहान झाला, मी म्हटलं, हे व्रत आहे. रांग थांबली, म्हटलं, हे ध्यान आहे. ज्या ओळीवर पोट धरून हसावं, त्या ओळीवर मी अभंगासारखा सूर लावला. लोकायले इंग्रजी येत नव्हतं. माझा आवाज मात्र ओळखीचा होता.

शेवटी ती म्हातारी येते. ज्या बाईसाठी सगुणाबाईले बोलावलं होतं, तीच. ती पाव हातात घेते, उलटून पाहते, अन् म्हणते, 'देव बहिरा नाई. हे तुम्ही तुमच्यासाठीच वाजवून राह्यले.' अन् तो पाव बिगुलाच्या तोंडात कोंबून देते! बिगुलवाला फुंकते, फुंकते, आवाज निघत नाई. साऱ्या सिनेमात पहिल्यांदा शांतता. अन् त्या शांततेत लोकं मुकाट्यानं आपापला पाव खाऊन राह्यले. यापेक्षा मोठं मी पडद्यावर काही पाह्यलं नाई, आजही मोबाईलवर पाहतो तं अंगावर काटा येते. अन् त्यावर मी काय बोललो? म्हटलं, पाहा या माउलीले! तोंडचा घास तिनं देवाच्या वाद्याले नैवेद्य देला. देवासमोर आपलं नाव सांगाले ती लाजली नाई.

बायकायनं पदर डोळ्याले लावले. दादासाहेब हात जोडून उभे राह्यले. टाळ्या पडल्या — जिथी एकही टाळी नव्हती तिथी मी काढून दाखवली. सगुणाबाईनं टाळी वाजवली नाई. ती पडद्याकडं पाहत होती, मान जरा कलती करून, काही तरी लक्षात ठेवाचं असल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी मंदाताई आली, नात झाली म्हणून पेढे घेऊन. पेढा देण्याआधी विचारलं, 'हसले का भाऊ?'

मी म्हटलं, 'ताई, आपल्या लोकायले समजलंच नाई. भक्तीचा सिनेमा समजून बसले. मी बहुत समजावलं.'

मी बहुत समजावलं! तिनं पेढा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणे, चूक माझीच, मी घाई केली, आपल्या लोकायले अजून वेळ लागन. त्यानंतर तिनं गावाले एकही सिनेमा दाखवला नाई. जे लोकं पंधरा मिनिटात सारं समजले, समजले म्हणूनच तं माझ्यावर हसले, त्यायलेच मी तिच्यासमोर अडाणी ठरवलं. ती आता रिटायर होऊन चंद्रपूरले राहते. भेटली का म्हणते, सिनेमा चांगला होता भाऊ, लोकं तयार नव्हते. अन् मी मान हलवतो. दर वेळी हलवतो.

अजून एक राह्यलं.

त्याच आठवड्याच्या शनिवारी सगुणाबाई रांगेत आली. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले. सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. मी माईक धरला. तिनं नाव सांगतलं. गाव सांगतलं. देवाच्या कृपेनं मले अन्न मिळालं, म्हणाली — चांगलं जोरानं, मले काही म्हणाची गरजच पडली नाई. मग माईकपासून तोंड बाजूले करून तिनं मले हळूच विचारलं,

'बरोबर झालं ना भाऊ? त्या बाईवानी?'

मी म्हटलं, बरोबर झालं. अन् माईक तिच्या मागच्याच्या तोंडासमोर धरला.