विमानात मी बसलो

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण मला लाकूड कळतं आणि मेलेल्या माणसाचा मान कळतो. आम्हा लिंगायतांत मयताला आडवं नेत नाहीत. विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या लाकडी मखरात, मांडी घालून बसवून नेतात आणि तसंच बसतं मातीत ठेवतात. गावाची विमानं मीच करायचो. भूकंपात माझा बाप भिंतीखाली गेला, त्याला मात्र विमान मिळालं नाही. पाऊस कोसळत होता, मयतांना गणती नव्हती. पडक्या घरांची लाकडं रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. त्यात मी घडवलेले दरवाजेही होते.

लेकीचा पोरगा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होता. म्हणाला, "आज्जा, एक विमान करून द्या. नाटकाला पायजे."

करून दिलं. नाटक कसलं. क्लासच्या चार पोरांनी भुतांचा रॅप काढला होता. तोंडाला राख फासायची आणि हाडं, कवट्या, हॉस्टेलातलं भूत असलं काहीबाही धडाधड बोलत सुटायचं. सुरुवातीला माझा नातू मयत होऊन विमानातून यायचा, मान टाकून. मग ताडकन उठून किंचाळायचा. बघणारी पोरं येडी झाली होती त्यावर. आधी हे चौघं मोबाइलवर गाजले, मग उदगीरला बोलावणं, मग नांदेडच्या कॉलेजात. मला हे कळलं शेजाऱ्याच्या मोबाइलवर.

नांदेडची एसटी धरली. स्टेजच्या मागं विमान ठेवलं होतं. सरळ त्यात मांडी घालून बसलो.

"आज्जा, उतरा. आमचा नंबर आलाय," नातू म्हणाला.

"न्हाई."

"लोक थांबलेत ओ."

"थांबू दे. माझ्या बापाला हे मिळालं न्हाई, आन् तू जित्ता असून बसायलास ह्याच्यात?"

दुसरा राखेच्या तोंडाचा म्हणाला, "भावा, आज्जालाच उचलू की. लई खतरनाक दिसायलेत."

नातू नको नको म्हणत राहिला. तिघांनी मला उचलून स्टेजवर नेलं. पुढ्यात माईक होता. मी पण हटलो नाही. बापाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, दरवाज्यांचं सांगितलं. मग टाळ्या, शिट्ट्या आणि 'वन्स मोर'.

खाली आल्यावर ते तिघं माझ्या पाया पडले. "आज्जा, दर शोला दहा मिनिटं या. एवढंच बोला."

नातवानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "माझ्या पणज्याचा आयटम करायचा न्हाई," म्हणाला आणि एकाची गचांडी धरली. गट तिथंच मोडला.

म्हाताऱ्यानं पोरांचं वाटोळं केलं, असं व्याही अजून म्हणतात. व्हय, गट मीच मोडला. त्याचं मला काही वाटत नाही. बाप जळाल्याचं ऐकून समोर बसलेली पोरं 'वन्स मोर' ओरडली, याचा राग आहे. आणि खोटं कशाला लिहू, टाळ्या पडल्या तेव्हा मला घडीभर बरं वाटलं होतं. त्याचा राग जास्त आहे.