पाहुणे जाईपर्यंत

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, पण मध्येच माझी समजूत घालू नका — तिचाच मला वीट आलाय.

नव्वदनंतरची गोष्ट. तिकडे कानडी मुलखात, चामराजपेटेत आमचं एकत्र घर, खाली थोरल्या भावाचं, अण्णांचं, शिवणकामाचं दुकान. त्या दिवशी माझ्या मुलीला बघायला पुण्याची मंडळी येणार होती. सकाळीच अण्णांच्या छातीत कळ आली. डावा हात दाबून धरत बसले. मला कळलं नाही असं म्हणू? कळलं होतं! पण घरात हृदयाचं दुखणं आहे हे पाहुण्यांच्या कानावर गेलं, तर स्थळ हातचं जाणार. आणि घरचा मोठा माणूसच बैठकीत नाही, हे कसं दिसणार? मी त्यांना सोडा पाजला, कोट चढवला आणि बैठकीत नेऊन बसवलं. त्यांना घाम फुटला की मी "आज उकडतंय नाही?" म्हणत पंखा वाढवायचो.

मंडळी जेवली, पसंती सांगून गेली. मग रिक्षा. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? मी म्हणालो, "आत्ताच." का? लाज — दुसरं काय! रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून सुरू करताना ते म्हणाले, लगेच आणलंत ते बरं केलंत, हे जितकं लवकर तितका गुण. पलंगावरून अण्णा माझ्याकडे बघत होते.

जीव वाचला, पण हृदय अर्धं निकामी झालं. इतक्या लवकर देऊनही औषध का लागू पडलं नाही, याचं डॉक्टरांना नवल. मशीनवर बसलं की अण्णांना धाप लागायची. दुकान बंद झालं. मुलीचं लग्न त्यांनी खुर्चीतून पाहिलं, आणि वर्षभरात गेले. नातेवाईक अजून म्हणतात, धाकट्यानं धावपळ केली म्हणून तेवढं तरी पाहता आलं. अशी चीड येते — आणि तरी दर वेळी मी मान हलवतो.

घरच्यांना मी सांगत आलोय, सकाळी नुसता गॅस वाटला, अण्णाही काही बोलले नाहीत. खोटं. मी कोटाची बटणं लावत होतो तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता.

"बाळू, स्वल्प दवाखान्याला घेऊन चल रे. सहन होईना."

"पाहुणे जाऊ देत, अण्णा."

"सरी, जाऊ देत," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले.