पुसली म्हणून सांगितलेली रेघ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिने एकदा विचारलं होतं — कुणाचीही लग्नपत्रिका आली की तुम्ही नाव-तारीख सोडून आधी गणपतीच का बघता? मी म्हटलं, धंद्याची सवय. ते अगदीच खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यातल्या एका लहानशा डिझाइन स्टुडिओत जायचो. दोन खोल्या, तीन माणसं. मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो. कंप्युटरवर मी. आणि चित्रं काढायला वासंतीताई. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. आणि आमच्या पत्रिकेची ओळख म्हणजे वरचा एका रेघेचा गणपती. ती रेघ वासंतीताईंची.

त्या ठाण्याजवळच्या, खाडीकाठच्या कोलशेतच्या. आगरी घर. वडील गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायचे — श्रावण लागला की आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. तो हात त्यांच्यात उतरला होता. घरातून ऑफिसात जाणारी ही पहिली मुलगी. वडिलांनी पाठवली ती हाताच्या भरवशावर. लहानपणी खाडीवर कालवांचे शिंपले फोडताना अंगठा कापला होता, त्याचा जाड व्रण राहिलेला. त्यामुळे सोंडेच्या वळणावर त्यांची रेघ किंचित अडखळायची आणि मग सुटायची. कसं सांगू — त्या अडखळण्यातच गणपती असायचा.

माझी रेघ? सरळ असायची. स्वच्छ असायची. मेलेली असायची.

मग सरांनी पेनने काढायचा टॅबलेट आणला, आणि त्याच्याबरोबर चित्रांचं एक सॉफ्टवेअर. त्यात एक सोय होती — काढलेली रेघ नोंदवून ठेवायची. हाताचा दाब, वेग, थांबणं, सगळं. नंतर कुठेही नुसती टिचकी मारली की तीच अख्खी रेघ पुन्हा उमटायची, हव्या त्या रंगात, हव्या त्या ब्रशने. वासंतीताई गणपती काढत होत्या तेव्हा मी गुपचूप नोंद चालू केली आणि मग कोऱ्या पानावर टिचकी मारली. गणपती आपोआप निघाला. सोंडेपाशी अडखळला. सुटला.

त्या केवढ्या हसल्या! "अरे प्रकाश, भूत आहे की हे! मग उद्यापासून मी येतच नाही. हात तेवढा डब्यातून पाठवून देते." मग पेन खाली ठेवलं. "पुसून टाक हां ते. बाबा म्हणतात, आपला हात असा कुठे ठेवून येऊ नये."

"पुसलं," मी म्हणालो.

पुसलं नव्हतं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं — असं आत्ता लिहिलं होतं, खोडलं. मनात होतं. साठवताना सॉफ्टवेअर रेघेला नाव विचारतं. मी माझं नाव टाकलं. मनात काही नसलेला माणूस असं करतो का?

रविवारी मी सरांना न सांगता कल्याणच्या एका छापखान्यात बसायचो. त्यांच्या मशीनवर ते सॉफ्टवेअर मीच चढवलं होतं, चोरूनच. एका रविवारी फ्लॉपीतून ती रेघ तिथे नेली. छापखान्याचे मालक कागद हातात धरून बघत राहिले. म्हणाले, "हात आहे हो तुम्हाला! इतके दिवस लपवून ठेवला होतात?" पैशांसाठी केलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मी त्या वाक्यासाठी केलं. पुढच्या रविवारी पुन्हा केलं. काम करताना त्यांना बाहेर बसवायचो — कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही, असं सांगून.

आणि मग कल्याणच्या एका लग्नाची पत्रिका सरांनाच आली. कोपऱ्याला हळदकुंकू, वर आमचा गणपती.

सरांनी ती टेबलाच्या खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी फ्लॉप्यांच्या कपाटाला कुलूप लागलं. वासंतीताई कागदाची गुंडाळी घेऊन निघाल्या की सर दारापर्यंत येऊ लागले, "काय नेतेयस बघू" असं हसत हसत म्हणू लागले. त्या मला विचारायच्या, "सरांचं काही बिनसलंय का रे?" मी म्हणायचो, छे. रोज वाटायचं, आज सर उठून कल्याणला जातील, कुणी काढलं ते विचारतील. ते गेले नाहीत. कशाला जातील? रेघच वासंतीताईंची सही होती.

एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. "वासंती बाहेर कामं देते का रे?" मी म्हटलं, "माहीत नाही, सर." पण लगेच नाही म्हटलं. आधी जरासा थांबलो. माझी रेघ आयुष्यात कधी अडखळली नाही. त्या दिवशी मी मात्र बरोबर जागी अडखळलो.

मग तो दिवस. सरांनी ती पत्रिका वासंतीताईंसमोर टाकली. दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं, "माझी नाही ही." त्यांनी बराच वेळ पाहिली. ऑफिसात त्या जपून, पुस्तकी बोलायच्या. त्या दिवशी घरची बोली बाहेर आली. "रेग माजीच हाय, सर. पन मी नाय काडली."

सर हसले.

वासंतीताई उठल्या. टॅबलेटवर काढलेल्या त्या गणपतीचं आपलं जुनं काम काढलं, त्यावर पत्रिका ठेवली, दोन्ही कागद खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर धरले. केसाचाही फरक नव्हता. "बघा ना. माणसाला दोनदा अशी काढता येते का?"

"म्हणजे ट्रेस करून विकलीस."

"ट्रेस केलेली रेघ भित्री असते, सर. ही घाबरलीय का, सांगा. ही मशीननं काढलीय. प्रकाशनं मला एकदा दाखवलं होतं. विचारा त्याला."

सर माझ्याकडे वळले. "काय रे? होतं असं?"

ट्यूबलाइटचा आवाज येत होता. माझी फ्लॉपी माझ्या बॅगेत होती, बॅग माझ्या पायाशी होती.

"नाही, सर," मी म्हणालो. "ते तेवढ्यापुरतं दिसतं. साठवता येत नाही."

वासंतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात कल्ला उचलून मासा ताजा आहे का बघतात, तसं. मग डबा पिशवीत ठेवता ठेवता, सरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "पुसलं म्हणालेलास." आणि गेल्या.

ठाण्यातल्या दोन-तीन ठिकाणी त्या काम मागायला गेल्या, असं कळलं. सरांचा फोन त्यांच्या आधी पोचलेला असायचा. पुढे कोलशेतचंच एक गिऱ्हाईक पत्रिका करायला आलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणालं, "तिचा नाव कशाला काढताव? तिनं हात इकला. बापानं औंदा डोलं आखाया कुंचला दिला नाय तिला." इकला म्हणजे विकला. मी त्याला पत्रिकेचे नमुने दाखवत राहिलो.

ती रेघ मी पुन्हा वापरली नाही. हे माझ्या बाजूने धरू नका. पकडला जाईन म्हणून वापरली नाही. कल्याणला सांगितलं, हात दुखतो. वासंतीताईंना शोधायला कोलशेतला कधी गेलो नाही. जाता आलं नाही, असं नाही. ठाण्यात काम करणारा माणूस, कितीसं लांब?

सर आता नाहीत. फ्लॉपी आहे. ती वाचणारं मशीन माझ्याकडे राहिलेलं नाही. वरच्या चिठ्ठीवर अजून माझं नाव आहे, माझ्याच अक्षरात — सरळ, स्वच्छ.

होतं असं, सर. साठवता येतं. रेघ वासंतीताईंची होती, आणि मी ती पुसली नव्हती.