गाठीला गूळ

नरसय्यामामा गेल्याचं पोस्टकार्ड मला करकंबला मिळालं. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून मी गावी आलो होतो. आईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "कुणाचं हाय रं?" मी म्हणालो, "सोलापूरच्या मामांचं…" पुढचं तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. त्याला आता दीड महिना होईल. लिहायला इतके दिवस लागले, कारण मामांविषयी लिहायचं तर माझी एक चूकही लिहावी लागणार होती.

बहात्तरच्या दुष्काळात मी शिकायला सोलापुरात आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. शुक्रवार पेठेत मामांच्या घरामागची खोली मिळाली. मामा म्हणजे घरमालक, नात्याचे नव्हेत; तेलुगू विणकर, हातमागावर चादरी विणायचे. मी नुसता मॅट्रिक झालेलो, पण ते पहिल्या दिवसापासून मला चेष्टेनं 'सर' म्हणत. "एवढे पुस्तकं वाचताय सर, तुटलेला धागा जोडता येतंय काय?" येत नव्हता. मग त्यांनी शिकवलं. मागाच्या खुंटीला गुळाची डबी टांगलेली असे. विणकराची गाठ बरोबर पडली की त्याच क्षणी ते माझ्या जिभेवर गुळाचा खडा ठेवत. चुकली तर काहीच नाही, शब्दसुद्धा नाही. एकदा मी स्वतःच डबीत हात घातला तर मनगट धरलं. "आपल्या हातानं खाल्लेला गूळ गाठीला लागत नाय सर. दुसऱ्यानं द्यावं लागतंय." मी डावखुरा, त्यामुळे माझ्या गाठीचं शेपूट, म्हणजे सुताचं उरलेलं टोक, उलट्या बाजूला, डावीकडे पडायचं. त्यावर ते खूप हसायचे.

मी एम. एस्सी. झालो आणि इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. खोली मात्र सोडली नाही. गेल्या हिवाळ्यात मामांचा उजवा हात अर्धांगानं गेला. बोलणं शाबूत राहिलं, बोटं राहिली नाहीत. महिनाभरानं ते मागाशी येऊन बसले. एक लांब सूत घ्यायचं, जागोजागी तोडायचं आणि पुन्हा जोडायचं, असा त्यांचा सराव सुरू झाला. "बोटं इसरलीत सर. त्यांना शाळेत घातलंय."

पण गाठी सुटायच्या. जेवायच्या आधी ते एकेक ओढून पाहत आणि एकही टिकली नाही की ताटावर बसत नसत. ते मला बघवेना. मग ते हात धुवायला उठले की मी त्यांच्या सैल गाठी सोडून भराभर नव्या बांधून ठेवू लागलो. त्यांनी ओढून पाहिल्यावर गाठ टिकली की वर त्यांच्या जिभेवर गूळही ठेवायचो. मामी बघायची, पण काही बोलायची नाही. सुमारे तीन आठवडे मामा पोटभर जेवले.

एक दिवस त्यांनी सूत उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ अंगठ्यानं चाचपलं. मग तोंडातला गूळ हातावर काढला.

"शेपूट डावीकडं हाय की हो, सर."

मी डबीचं झाकण लावलं.

"लहान पोराला फसवतंय तसं मला फसवलं. आता मी कुणाचं खरं मानू? हाताचं का तुमचं?"

त्या दिवसापासून माझ्यासमोर त्यांनी सुताला हात लावला नाही.

पुढे कॉलेजच्या लायब्ररीत एक लेख वाचनात आला. मोठ्या माणसाच्या मेंदूच्या वरच्या थरातल्या जोडण्याही शिकताना बदलू शकतात, असं काही शास्त्रज्ञांना आता वाटतं. पण नुसत्या सरावानं ते होत नसावं. मन जागं असतं, काही साधल्याचा किंवा चुकल्याचा धक्का बसतो, तेव्हा मेंदूच्या खोल भागातून ॲसिटिलकोलीन, नॉरॲड्रेनॅलिन अशी रसायनं त्या थरात पोचतात आणि नवी जोडणी त्यांच्या साक्षीनं पक्की होते. अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही. पण मी तो लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. मामांच्या डबीचा नियम हाच तर होता… आणि मी चुकलेल्या गाठींना गूळ देत होतो. त्यांचा हात शिकू पाहत होता, तेव्हा मी त्याला तीन आठवडे खोटं सांगत होतो.

सुट्टीला निघताना मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "मामा, पुन्हा सुरू करू. आता खोटं नाही." त्यांनी मान हलवली नाही. फक्त म्हणाले, "गावाकडं जाऊन या आधी."

कार्ड मिळताच परतलो. दिवसकार्य झाल्यावर मामीनं ते सूत आणि डबी माझ्यापुढं ठेवली. सुतावर माझ्या गाठी होत्या, सगळ्या डाव्या शेपटाच्या. त्यांच्यापुढं सुटून गेलेल्या धाग्याचे कितीतरी तुकडे, नुसतेच गुंडाळलेले. आणि अगदी टोकाशी एक गाठ, शेपूट उजवीकडं. मी ओढून पाहिली, मग जोर लावून ओढली. सुटली नाही.

"मामी, ही कधीची?"

"मला काय ठावं, बाबा. तू गेल्यावर रोज दुपारी बसायचे की एकटेच. मी पडलेली असायची."

सूत आता माझ्या टेबलावर असतं, शेजारी डबी. त्या दिवशी मी तिचं झाकण काढलं होतं. सुट्टीला निघताना मी डबीत भरून ठेवला होता तेवढाच गूळ आत होता, उन्हानं पाझरून एकजीव झालेला. बोट घातल्याची खूणसुद्धा नव्हती.