बेडूकवाल्याच्या नावावर माझे उंदीर

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा मी लाजून चूर झाले होते. मेंदूवर संशोधन करणारी मुलगी, पण स्वतःचा मेंदू त्या दिवशी बहुधा रुखवतात मांडून ठेवला होता. नाव गेलं, आडनाव गेलं, आणि नुकताच छापून आलेला माझा पहिला पेपर पोरका झाला.

पेपर उंदरांवर होता. काहींना पोटभर झोपू द्यायचं, काहींना जागवायचं, मग वळणावळणाच्या खोक्यात सोडून वाट आधी कोण शिकतो ते बघायचं. झोपलेले शिकतात. कुठल्याही आईनं हे फुकटात सांगितलं असतं.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलाशी एकजण बेडकांच्या नसा ताणत बसायचा. त्याचं आडनाव आणि माझं माहेरचं आडनाव एकच. नातं काही नाही. नावाचं पहिलं अक्षरही तेच. पेपरवर छापतात ते तेवढंच, एक अक्षर आणि आडनाव.

यंदा नात मुलुंडला आमच्याकडे राहायला आली होती. लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "आजी, तुझे उंदीर या माणसाकडे काय करतायत?"

हल्ली प्रत्येक संशोधकाचं इंटरनेटवर एक पान असतं. कुठला पेपर, आणि त्याचा हवाला किती जणांनी दिला, त्याचा आकडा. याच आकड्यावर बढत्या आणि बक्षिसं मिळतात. बेडूकवाल्याच्या पानावर सगळ्यात वर माझा पेपर होता. त्याखाली त्याचे बेडूक, ज्यांना जगात फारसं कुणी विचारलेलं दिसत नव्हतं.

"काढायला सांग ना त्याला! एक बटण असतं, बस."

मी फोन लावला. तो घाटकोपरला राहतो.

"अगं, कॉम्प्युटरनं आपोआप टाकलाय तो."

"मग तू हातानं काढ."

"या वयात काय फरक पडतो? आणि त्या नावाची बाई आहे कुठे आता? बरं, रविवारी माझा सत्कार आहे. ये की."

फोन ठेवला आणि कानशिलं तापली. माझ्या बढतीच्या वेळी समितीत हाच बसला होता, चहाचे फुरके मारत. "बाई, तुमच्या नावावर वजनदार काही दिसत नाही," असं अध्यक्ष म्हणाले. तो पेपर माझा आहे हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. तो बशीत बघत राहिला. आणि मी? थँक्यू म्हणून बाहेर आले. घरी येऊन साबुदाण्याची खिचडी केली, तीही चिकट झाली.

लग्नाचा दाखला टेबलावर आपटता आला असता. नाही आपटला, कारण तो पेपर कुणी उघडू नये असंच मला वाटत होतं. तेव्हा आलेख हातानं काढायचो आणि गटांच्या नावांच्या छापील चिठ्ठ्या डिंकानं चिकटवायचो. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या चिकटवल्या, उलट्या. मजकुरात सगळं बरोबर, पण आलेखात रात्रभर जागवलेला उंदीर हुशार आणि झोपलेला ढ! छापून आल्यावर लक्षात आलं. मी मूग गिळून बसले. एवढ्या लोकांनी हवाले दिले, एकानंही ते चित्र नीट पाहिलं नाही.

म्हणजे पेपर परत मागायचा तर गाढवपणाही पदरात घ्यावा लागणार होता. तीन दिवस मी घरात धुसफुसत होते. नात म्हणाली, "आजी, सोड ना यार." नाही सोडलं. काठापदराची साडी नेसून, नातीला घेऊन रविवारी सत्काराला गेले.

शाल झाली, श्रीफळ झालं. निवेदिका म्हणाली, "जगभर गाजलेलं सरांचं हे संशोधन," आणि पडद्यावर माझाच आलेख आला, भिंतीएवढा. मी हात वर केला.

"सर, एक शंका. यात न झोपलेले उंदीर पुढे दिसतायत. आम्ही नातवंडांना झोपू देऊ नये का?"

सभागृहात हशा पिकला. त्यानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच पाहत असावा.

"ते... प्रत्यक्षात ते काम माझं नव्हतं."

"माईकवर सांग ना. कुणाचं?"

तो शालीचा काठ चाळवत बसला.

"माझं," मी म्हटलं. "चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या. आणि चाळीसेक वर्षांत एकदाही न बघता तू त्या मिरवल्यास."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी बारशात रडगाणं लावलं. लावलंच होतं. नातीनं दंड धरून मला बाहेर काढलं. "आजी, त्याची पार वाट लावलीस!" परतीची रिक्षा नाहूरपर्यंत यायच्या आत तिनं फोनवर बघितलं, पेपर त्याच्या पानावरून गेला होता.

मी नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र धाडलं. खाली दोन्ही नावं लिहिली, तांदळावरचं आणि त्याआधीचं.

आता त्याच्या पानावर नुसते बेडूक आहेत. मी वाचलेत ते पेपर. दुसऱ्या कुणी वाचले असतील असं वाटत नाही.