सुई न लागलेलं सोवळं

सोवळ्याओवळ्याचा मला लहानपणापासून मनस्वी राग. नवरात्रात बाबा आंघोळ करून, पूजेचा रेशमी मुकटा नेसून खोलीबाहेर पडायचे ते मोठ्यानं बजावतच, "सरका बाजूला, सोवळ्यात आहे मी!" मग आम्ही सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून वाट द्यायची. मी पाच-सहा वर्षांची असताना झोपेतून उठून त्यांना बिलगायला गेले, तर ते विंचू दिसल्यासारखे मागे सरले. ते मी बरीच वर्षं मनात धरून ठेवलं होतं. मोठी झाल्यावर या विषयावरून त्यांच्याशी कडाकडा भांडलेसुद्धा. ते हसून म्हणायचे, "तुझं राज्य आलं की बंद कर." अशी मी, एका वर्षी तेच सोवळं घरात टिकावं म्हणून हट्टाला पेटले. आजही मला त्याचं पुरतं स्पष्टीकरण देता येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. आम्ही अंधेरीला पूर्वेकडे राहायचो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. ती लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन परत आली होती आणि तेव्हापासून आमच्या देवघराची राखण तिच्याकडे होती. माघात बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन ते घरात फिरू लागले. डावा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. जीभ शाबूत होती, पण बोलणं त्यांनी आपण होऊन कमी केलं. इलॅस्टिकचा पायजमा एका हातानं चढवायचा आणि खिडकीशी बसायचं, एवढंच.

भाद्रपदात मुलुंडहून काका आला. चांगला माणूस, भावावर जीव टाकणारा. चहा घेता घेता म्हणाला, "दादा, यंदा घट माझ्याकडे बसवू. तुला दगदग नको." बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघा काय करायचं ते."

आमच्याकडे घट थोरल्याच्या घरी बसतात आणि बसवणाऱ्यानंच नऊ दिवस पूजा करायची. आजोबांनी ते बाबांच्या हाती दिले होते. एकदा देवी मुलुंडला गेली की ती पुन्हा अंधेरीला येणार नाही, हे काकाला कळत होतं की नाही कोण जाणे, पण बाबांना कळत होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काका गेल्यावर मी सरळ सांगितलं, "घट इथंच बसणार. तुम्ही बसवणार."

"नेसू कसा?" बाबा म्हणाले. तेवढंच.

अडलं होतं ते तिथंच. उजवा हात चांगला असल्यामुळे पूजा करता आली असती. पण मुकट्याची कमरेशी गाठ मारायची, पुढे निऱ्या करून खोचायच्या, मागे काष्टा खोचायचा, या तिन्ही कामांना दोन हात लागतात. आणि मुलीनं बापाला किंवा बहिणीनं भावाला नेसवायचं, हे आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवलं नसतं. काकाला नोकरी होती, रोज पहाटे मुलुंडहून येणं त्याला जमणारं नव्हतं. मी म्हटलं, मुकट्याला हूक शिवून देते. त्यावर आत्या देवघरातूनच गरजली, "सुई लागली की ते सोवळं नव्हे गं, लेंगा झाला तो!" सोवळ्यातलं वस्त्र अखंड हवं, त्यात टाका चालत नाही. मला हा नियम माहीत होता, फक्त रागाच्या भरात विसरले होते.

मी तेव्हा घरापासून वीस मिनिटांवरच्या एका कारखान्यात तपासणीला होते. परदेशात जाणारे कपडे आम्ही शिवायचो. एका जाकिटाच्या ऑर्डरीत बटणांऐवजी दोन पट्ट्या लागायच्या. एकीवर बारीक आकडे, दुसरीवर लव. दाबल्या की चिकटतात, ओढल्या की कर्र करून सुटतात. आता त्या शाळकरी मुलांच्या चपलांना असतात, पण तेव्हा घरी कुणी पाहिलेल्या नव्हत्या. एक दिवस जाकिटाची कॉलर उघडताना ते कर्र ऐकलं आणि माझे हात थांबले. टाका नको असेल, तर चिकटवू.

कारखान्यातल्या कटिंग मास्तरांना विचारून मी उरलेले तुकडे घेतले. ते उत्तरेकडचे, तोंडात कायम पान. कशाला हवेत ते ऐकून त्यांनी पान थुंकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सायकलवाले का सोल्युशन लगाओ. दोनो तरफ पतला लगाना. फिर रुकना. जल्दी की तो वाट लग जाएगी. और कोना गोल काटना, नुकीला कोना पहले उखडता है."

मी अर्थातच जल्दी केली. पहिल्यांदा सुताराचा पांढरा डिंक वापरला, तो बाबांच्या जुन्या सुती धोतरावर पहिल्याच पाण्यात विरघळून गेला. मग पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि ओलं असतानाच पट्टी दाबली. ते कापडाच्या दुसऱ्या बाजूनं पिवळं होऊन बाहेर आलं आणि पट्टी दोन बोटं सरकली. तिसऱ्या खेपेला मास्तरांचं अक्षरन् अक्षर पाळलं. पट्टीची पाठ काचकागदानं घासली, कोपरे गोल कापले, दोन्हीकडे पातळ हात दिला आणि बोट लावलं तर तार निघणार नाही इतकं वाळू दिलं. मगच दाबून वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी ओढून पाहिलं, तर कापड ताणलं जाई, पण पट्टी हलेना.

मग ते धोतर मी मॅक्सीवरूनच नेसून पाहिलं, डावा हात पाठीमागे मॅक्सीच्या पट्ट्यात अडकवून. कमरेला एक पट्टी, आधीच घालून ठेवलेल्या निऱ्यांच्या माथ्यावर एक, काष्ट्याच्या टोकाला एक. मागचा काष्टा चार वेळा चुकला, पाचव्यांदा बसला. आत्या दारात उभी राहून बघत होती. "हे काय गं, कुसळासारखं धरतंय," ती म्हणाली. कोकणात गवतातून चाललं की लुगड्याला कुसळं धरतात तशी. तेव्हापासून घरात त्या पट्टीचं नाव कुसळपट्टी पडलं.

"पण ते चिकटवायचं कशानं केलंस? सरस नाही ना?" तिचा पुढचा प्रश्न. सरस जनावराच्या कातड्याहाडांचा.

"रबर आहे आत्या. झाडाचा चीक."

तिनं जवळ येऊन पट्टी निरखली. "झाडाचा असेल तर चालेल," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं माझं काही मान्य करण्याची ती पहिलीच वेळ होती.

बाबांनी जुन्या धोतरावर दार लावून सराव सुरू केला. पहिल्या दिवशी आतून एकामागून एक कर्र कर्र ऐकू आलं, मग काठी आपटल्याचा आवाज. मी दारावर थाप मारून म्हटलं, "उद्या पुन्हा." दुसऱ्या दिवशी ते न सांगता आत गेले. आठवड्याभरात अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांवर आलं. मग मी आजोबांचा मुकटा काढला. रेशमाला लागायच्या आधी हात दोनदा धुतले, असा मुकटा तो एकच होता. पट्ट्या चिकटवल्या आणि पाट्याखाली ठेवला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मी मुकटा काढून तिन्ही पट्ट्या ओढून पाहिल्या. पक्क्या होत्या. त्यानंतर अर्ध्या तासानं मला कळलं की मी बाहेरची झाले आहे. न सांगता चाललं असतं. पण आत्यानं विचारलंच, "मुकट्याला कधी हात लावलास?" खोटं बोलायला मला जमलं नाही. खरं सांगून, वर पाय आपटून मी कामावर निघून गेले.

दुपारी जेवायला घरी आले तर आत्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेली. मी हात लावलेलं वस्त्र तसंच कसं देवापाशी न्यायचं, म्हणून तिनं मुकटा काठीनं उचलून बंबातल्या कढत पाण्यातून काढला होता. कढत पाण्यात सोल्युशन मऊ पडलं. तिन्ही पट्ट्या बादलीत तरंगत होत्या.

"मीच वाट लावली गं," ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मला ओरडायचं होतं. तुझं सोवळं घाल चुलीत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आतल्या खोलीत बाबा होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं, आणि मुकटा अजून फाटलेला नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कारखान्यात फोन करून सांगितलं, आज येत नाही. परत येताना सोल्युशनची नवी नळी आणली.

"पुन्हा चिकटवायचं," मी म्हटलं.

"तू हात लावलास की मला पुन्हा धुवायला लागेल."

"मी नाही लावत. तू लाव."

 मी समजावून सांगितलं. सोवळ्यात असलेल्या माणसानंच जर पट्ट्या चिकटवल्या, तर नंतर काही धुवायचा प्रश्नच उरत नाही. तिच्याच कायद्यात बसणारी गोष्ट होती, फक्त तिच्या डोक्यात आली नव्हती. मी नळी आणि पट्ट्या दूर जमिनीवर ठेवल्या. तिनं त्यांच्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं, आंघोळ केली, आपलं सोवळ्याचं लुगडं नेसली आणि सगळं उचलून स्वयंपाकघरात नेलं. ऑक्टोबरचं ऊन होतं, मुकटा दांडीवर तासाभरात वाळला. मी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले.

"जुनं सोल्युशन नखानं खरवड. सगळं. आता पट्टीला लाव. पातळ गं, लोणी नव्हे ते."

"एवढं?"

"त्याहून पातळ. थांब. आता हात नको लावूस."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

आयुष्यभर मला शिवू नको, सरक, थांब म्हणणारी बाई माझ्या तोंडाकडे बघत निमूट बसून होती. माझे हात शिवशिवत होते. तिच्या बोटांना संधिवात, नळी दाबताना ती कळवळत होती, आणि मला चार हातांवरून नुसतं बघावं लागत होतं. काष्ट्याची पट्टी ती उलटी लावायला निघाली तेव्हा मी किंचाळलेच. तिनं न चिडता ती फिरवली. मग पाटा तिनं एकटीनं उचलून वर ठेवला आणि घाम पुसत म्हणाली, "आता राहिलं नाही, तर काय करायचं?"

"राहील," मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आला. सोबत पिशवीत त्याचं स्वतःचं सोवळं. "असू दे बरोबर," तो माझी नजर चुकवत म्हणाला. "वेळेवर पंचाईत नको." दादाला जमलं नाही तर तो इथं घट न बसवता देवीचा चांदीचा टाक घेऊन मुलुंडला जाणार होता, तिकडं काकूनं माती, परडी, सगळी तयारी करून ठेवली होती. आत्या स्वयंपाकघरात. मी बाल्कनीत, कारण मला देवघराच्या आसपास फिरकायचं नव्हतं.

बाबा आंघोळ करून खोलीत गेले. आत्यानं काठीवरून मुकटा आत दिला. दार लागलं.

कर्र. म्हणजे लागलेली पट्टी पुन्हा सोडली. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा कर्र. आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हात जोडलेले. मी मनात मोजत होते, कंबर, निऱ्या, काष्टा. तिसऱ्यांदा कर्र झालं आणि त्यानंतर बाबांचा जोरजोरात श्वास ऐकू आला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मुहूर्त सरत चालला होता. काकानं पिशवी हातात घेतली, दाराशी गेला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी येऊ का आत?"

 काका तिथंच उभा राहिला.

मग कडी निघाली. बाबा दारात उभे होते. उजव्या हातात काठी, डावा हात लोंबलेला, कपाळ घामानं डबडबलेलं. मुकटा कमरेला घट्ट, निऱ्या थोड्या डावीकडे कललेल्या, काष्टा जागच्या जागी. काका त्यांना आधार द्यायला पुढे झाला. बाबांनी मान वर केली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच घर दणाणलं.

"सरका बाजूला, सोवळ्यात आहे मी!"

काका पिशवीसकट भिंतीला चिकटला. बाल्कनीत मी त्यांच्यापासून दहा हात दूर होते, मला सरकायचं काही कारण नव्हतं. तरी मी मागे सरकले, भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आणि मला रडू फुटलं.